सूत नेसलेले टेकू

साखर पेठेपासून अक्कलकोट रस्त्यापर्यंत जेव्हा जागोजाग मागांच्या नव्या शेड उठत होत्या, तेव्हा सोलापुरात बांधकामावर राबणाऱ्या माणसाला केराबाई ठाऊक नाही, असं व्हायचं नाही. दिसायला बाई काही फार नव्हती. बुटकी, रुंद, पायात टायरची चप्पल, काष्टा वर खोचलेला आणि गालात मिशेरी. पण आवाज असा, की शेजारी मागांची खडखड चालू असली तरी तिनं हाक मारलेला माणूस ‘ओ’ देणारच. बसप्पा शेट ठेकेदारांच्या सगळ्या बल्ल्या तिच्या ताब्यात असायच्या. बल्ल्या म्हणजे स्लॅब टाकताना खाली द्यायचे लाकडी टेकू. ओलं छत वाळून त्याच्या अंगात जीव येईपर्यंत टेकूंनी ते डोक्यावर धरायचं, मग टेकू काढून दुसऱ्या कामावर न्यायचे. धंदा एवढाच. पण भाकरी कधी उलटायची आणि टेकू कधी काढायचा, हे ज्याला कळत नाही त्याची दोन्हीकडं फजिती. भाकरीच्या फजितीला लोक हसतात तरी. टेकूच्या फजितीत हसायलाही कोणी खाली उरत नाही.

केराबाईचं माहेर वेळापूरच्या पलीकडं. बाप गावाची गुरं राखायचा. सकाळी वेशीत गुरं गोळा करायची, माळाला न्यायची, दिवस कलला की गावात आणून सोडायची. ही पोर बापाच्या मागं काठी घेऊन. शाळेचं तोंड तिनं बघितलं ते शाळेत शिरलेली म्हैस हाकलायला गेली तेवढंच. लगीन झालं माळशिरसच्या बाजूला. नवरा हिंदुराव अंगानं धिप्पाड, कामाला थंड. बाहत्तरच्या दुष्काळात दोघांनी रस्त्यावर खडी फोडली. पुढं पाऊस झाला, गाव हिरवं झालं, पण हिचं मन काही तिथं बसेना. “दगूडच फोडायचा तर शेरात फोडू की. तितं निदान सांजच्याला चा तरी मिळतो,” असं म्हणून तिनं नवऱ्याला सोलापूरला आणलं. हिंदुरावाला एका गिरणीत रातपाळीची राखण मिळाली आणि ही बसप्पा शेटच्या कामावर घमेली वाहू लागली.

टेकूंचा कारभार तिच्याकडं आला तोही बापाच्या विद्येनं. एकदा स्लॅबची तयारी चालली होती आणि शेट स्वतः उभे होते. एक गडी बल्ली उभी करत होता तर केराबाई घमेलं डोक्यावर घेऊन जाता जाता बोलली, “आरं, ती मारकी हाय. तिला मदी लावू नगं, कडंला लाव. तिचं टाळकं तिरपं हाय.”

“मारकी? बल्लीला नाव ठेवलंस का काय?” शेटनी विचारलं.

“मग वो शेट. ही मारकी, ती बांडी, ती सालपटलेली म्हातारी. गुराला वळखतो तशी वळखायची. सगळी सारकीच दिसत्यात म्हणणारा गुराखी संध्याकाळी शिव्याच खातो.”

शेट लिंगायत, अक्कलकोटकडचे, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, बोलायला तोलून-मापून.  पण दुसऱ्या दिवसापासून घमेलं सुटलं आणि वखारीची किल्ली केराबाईच्या कमरेला आली.

आता सुताची गोष्ट. ती सुरू झाली गिरिजाबाईच्या पडण्यानं.

एका कामावर छत पक्कं झालं होतं. केराबाईनं टेकूवर हात ठेवला, वर बघितलं आणि सांगितलं, “काढा ह्यो.” गड्यांनी पाचर ठोकली, टेकू काढला. छत जागच्या जागी राहिलं. पण भिंतीच्या पलीकडच्या अंगाला गिलाव्याची माणसं काम करत होती आणि त्यांनी आपली परांची, म्हणजे उभं राहायची फळ्याबांबूंची बांधणी, खिडकीतून दोरी घेऊन त्याच टेकूला आवळली होती. टेकू निघाला तशी परांची वाकली आणि वरची गिरिजाबाई घमेल्यासकट खाली आली. नशिबानं खाली वाळूचा ढीग होता. ती ढिगात बसली, घमेलं तिच्या मांडीत बसलं. उठली ती टेकू काढणाऱ्याच्या सात पिढ्या काढतच उठली. तिच्या शिव्या ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, कारण मेलेली बाई एवढं बोलत नाही.

लोक हसले. केराबाई हसली नाही. ‘काढा’ तीच म्हणाली होती. छताकडं बघून म्हणाली होती आणि छतापुरतं ते खरंच होतं. पण एका टेकूवर किती जणांचा भार आहे ते एका जागी उभं राहून दिसत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी हिंदुराव कामाला निघताना तिनं त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “गिरिजाबाई जित्ती हाय न्हवं? मग झालं की.”

“तुमचं बरं हाय,” ती म्हणाली. “गिरणीबी झोपल्याली आन् राखणदारबी. पडायचं भ्याच न्हाय.”

शेजारच्या चादरीच्या कारखान्यातून रंगीत सुताची गुंतवळ पोत्यांनी बाहेर पडायची. केराबाईनं एक पोतं भरून आणलं. स्लॅबखाली फळ्या-टेकू लावणाऱ्या सेंट्रिंगवाल्यांना लाल सूत दिलं, गवंड्यांना हिरवं, गिलावेवाल्यांना पिवळं. आणि वखारीच्या दारात उभं राहून कायदा सांगितला: टेकूवर जो आपला भार टाकील त्यानं आपल्या रंगाचा धागा टेकूला बांधायचा. भार काढला की ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. दुसऱ्याच्या गाठीला हात लावायचा नाही. ज्या टेकूवर एकही धागा नाही तोच काढायचा.

“सोपं करून सांगती,” ती म्हणाली. “लुगडं नेसल्याला टेकू तसाच राहू द्यायचा. नागडा झाला की उचलायचा.”

बायकांनी तोंडाला पदर लावला. सेंट्रिंगचा मुख्य मिस्त्री चनमल्लप्पा बिडी पेटवत होता. तो तडवळच्या बाजूचा, घरी कानडी, बाहेर मराठी, रागावला की दोन्ही एकदम. “यव्वा, टेकूचं लगीन हाय का काय? हळद कवा?” त्यानं विचारलं.

“तुमच्या हातनं पुन्हा कुणी पडलं की तुमालाच लावू हळद, मिस्त्री,” केराबाई म्हणाली.

पण युक्ती चालली. चनमल्लप्पाचीही माणसं मुकाट लाल धागा बांधू लागली. कुणी पडलं नाही, कुणाचा सज्जा ढासळला नाही. शेटचा देखरेखीचा माणूस भीमाशंकर, डिप्लोमा झालेला पोरगेला सायेब, तो तर म्हणाला, “केराबाई, हे आमच्या पुस्तकात असायला हवं होतं.” बाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतकं चढलं, की एका गड्यानं धागा असलेल्या टेकूची पाचर नुसती हलवून बघितली तर तिनं त्याला भर कामावर काठी उगारून वखारीपर्यंत पळवला. “धागा दिसला की हात आकडायचा,” अशी तिची दहशतच बसली. आणि पुढं जे झालं ते ह्या दहशतीनंच झालं.

गड्ड्याची जत्रा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा, उठून गेली होती, ऊन चावायला लागलं होतं. होटगी रस्त्याला शेटनी एका मोठ्या शेडचं काम घेतलं. भिंती उठल्या, फळ्या आल्या, लोखंड आलं. सिमेंट त्या काळी परमिटवर. दारोदार हिंडून शेटनी ते मिळवलं आणि पोती कामावर येऊन पडली. पोत्यातलं सिमेंट काही देवळातला नंदी नाही, की बसवला तिथं बसून राहील. दमट हवा लागली की आतल्या आत त्याचा धोंडा होतो. मंगळवारचा बाजार झाला की दुसऱ्या दिवशी स्लॅब टाकायचा असं ठरलं. आणि टेकू उभे करायला गेले तर वखार रिकामी.

अगदी रिकामी नाही. ती सालपटलेली म्हातारी बल्ली होती, दोन-चार तुटके तुकडे होते. पण निम्मं छतसुद्धा उभं राहणार नाही अशी गत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेट वखारीच्या दारात आले. मागं भीमाशंकर.

“केराबाई, टेकू कुटं हायत?”

“कामावर हायत की शेट.”

“कुटल्या कामावर? जुनी छतं तर वाळली. साकर पेटेतलं छत टाकून उन्हाळा आला. एवढ्या बल्ल्या इकत घेतल्या मी, त्या काय हवेत गेल्या?”

 शेटच्या मागं माणसं जमली होती आणि त्यांच्यातून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, “केराबाईच्या चुलीला आताशा जळण लई चांगलं मिळतंय म्हनं.”

बोलणारा कोण ते दिसलं नाही. पण ते वाक्य शेटच्या कानात गेलेलं दिसलं.   ते म्हणाले, “बुधवारी स्लॅब हाय. त्याच्या आत टेकू उभे दिसले तर बरं. न्हायतर किल्ली ठेव आन् गावाकडं जा. चोर म्हून मी तुला नाव ठेवणार न्हाय. पर लोकांच्या तोंडाला हात कोण लावंल?”

केराबाईनं चांगलं-वाईट दोन्ही पचवलेलं होतं. खडी फोडताना हाताची सालं निघाली तरी ती रडली नव्हती. पण गुराख्याच्या लेकीला ‘गुरं विकून खाल्लीस’ म्हणणं म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक. काम गेलं असतं तरी दुसरं मिळालं असतं. हे नाव लागलं असतं तर मात्र ते तिच्या आधी गावात पोचलं असतं.

ती तशीच उन्हात साखर पेठेत गेली.

तिथं एका माग चालवणाऱ्या कुटुंबाचं दुमजली घर होतं. खाली मागांसाठी उंच दालन, वर राहायच्या खोल्या. दालनात पाय ठेवला आणि केराबाई थांबली. सगळे टेकू तिथंच होते. बांडी होती, मारकी होती, सगळ्या होत्या. ओळीनं उभ्या, आणि प्रत्येकीच्या अंगावर सूत. लाल, पिवळं, हिरवं. जत्रेला निघालेल्या बायकांसारख्या नटून उभ्या होत्या. वर छत कधीच पक्कं झालेलं. एकाही टेकूवर खरा भार नव्हता आणि एकही टेकू नागडा नव्हता.

जीव जरा खाली बसला. चोरी नव्हती. पण पुरता बसला नाही, कारण हे असं का, ते कळल्याशिवाय हलवायचं कसं?

गिलाव्याची गिरिजाबाई दाराशी भाकरी खात बसली होती. पडल्यापासून ती परांचीवर चढताना टेकूला आधी नमस्कार करायची.

“गिरिजाबाई, तुमचा गिलावा सरला न्हवं? मग पिवळं धागं का सोडलं न्हाईत?”

“कसं सोडू बाई? परांची उभी हाय की टेकूला बांदल्याली. तूच सांगितलंयस, भार हाय तवर सोडायचं न्हाय.”

“मग परांची सोडा.”

“परांचीवर मिस्त्रीचा लाल धागा हाय. दुसऱ्याच्या गाठीला हात लावायचा न्हाय, असंबी तूच सांगितलंयस.” गिरिजाबाईनं शेंगाचटणीचं बोट चाटलं. “मी एकदा पडलीय. मी न्हाय हात लावायची.”

केराबाई चनमल्लप्पाकडं गेली. तो सावलीला आडवा झाला होता.

“मिस्त्री, परांचीला लाल धागा तुमी बांदला?”

“हौदु. मीच बांदला.”

“कशापायी?”

“दालन किती उच्च हाय बघ की. टेकूचं टकुरं सोडवायचं तर वर चढाय परांची नको का? गिलावेवालं काम सरलं की परांची घिऊन पळत्यात. म्हून आदीच धागा मारून ठेवला.”

“मग चढा आन् काढा की टेकू.”

“कसा काढू? टेकूवर पिवळा धागा हाय. तू काठी घिऊन पळवशील मला.”

 तो काही थट्टा करत नव्हता. टेकू उभे होते कारण त्यांना परांची बांधली होती. परांची उभी होती कारण टेकू काढायचे होते. याचा धागा तिच्यावर, तिचा धागा याच्यावर. दोघं एकमेकांना धरून उभे आणि बाकी जगाला दोघांचंही काही काम नव्हतं. माणसं सगळी तिच्याच कायद्यानं वागत होती. एकानंही चूक केली नव्हती.

कोपऱ्यातला प्रकार आणखी निराळा होता. तिथं मारकी उभी होती आणि तिच्यावर धाग्यांची एवढी गर्दी की लाकूड दिसत नव्हतं. बुडाशी हळदकुंकू, एक वाळलेलं लिंबू.

“हिच्यावर कुणाचा भार हाय?” केराबाईनं विचारलं.

पाणी मारणारी निंगव्वा पुढं आली. “भार न्हाय. नवस हाय. माज्या नातवाचा ताप हटंना, तवा ह्या टेकूला धागा बांदला. सगळी बांदत्यात, मला वाटलं देवाचा हाय. तिसऱ्या दिशी ताप उतरला. मग सगळ्या बायका बांदू लागल्या.”

“आगं, ती मारकी हाय. तिचं टाळकं तिरपं हाय.”

“असंना का,” निंगव्वा म्हणाली. “ताप तर उतरला.”

केराबाई वाळूच्या ढिगावर बसली. तिला रडायलाही येईना आणि हसायलाही. धागे बघावेत तर सगळेच टेकू कामाचे. धागे न बघता काढावेत तर पुन्हा कुणाची तरी गिरिजाबाई. भीमाशंकर सायकलवरून आला. शेटनीच पाठवला असणार. त्यानं दालन बघितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि तोही तिच्या शेजारी वाळूवर बसला.

“सायेब,” केराबाई म्हणाली, “आमच्या गावात जोडदावं घालत्यात. दोन द्वाड गुरं एकाच दाव्यानं एकमेकांना बांदायची, म्हंजी लांब पळत न्हाईत. एकदा माळावर अशी दोन खोंडं आली, दावं घातल्याली. माज्या चुलत्यानं बघितलं, म्हणला, गळ्यात दावं हाय म्हंजी धनी हाय, हात लावू नगा. झालं, सगळं गाव त्यास्नी चारा घालतंय. धनी काय येईना. बा म्हणला, गळ्यातलं दावं काय बघतायसा? दावं तर एकमेकाचं हाय. सांजच्याला गोठ्यागोठ्यात जाऊन इचारा, तुमचं कोणतं जनावर यायचं हाय. घराकडनं गुराकडं या, गुराकडनं घराकडं जाऊ नगा. ज्याला कुणीच बोलवत न्हाय ते मोकाट.”

भीमाशंकरनं तिच्याकडं बघितलं. “म्हणजे टेकूकडून वर नाही बघायचं. वरून खाली यायचं.”

“व्हय. पर वर कुटनं सुरू करायचं ते मला कळंना. घरं कोणती?”

“ओलं असेल ते,” भीमाशंकर म्हणाला. “ज्याला अजून स्वतःचा भार पेलत नाही ते घर. बाकी सगळी गुरं.”

“झालं तर मग,” केराबाई उठली. “मिस्त्री, उठा. चुना आणा.”

तिघं गच्चीवर गेले. ओलं काय काय आहे ते चनमल्लप्पानं हात लावून, नखानं खरवडून सांगितलं. पाण्याची टाकी परवाच टाकलेली, ती ओली. रस्त्याच्या अंगाची गॅलरी ओली. जिन्यावरचा एक छज्जा ओला. बस्स. मग त्या प्रत्येकापासून खाली यायचं: हे कशावर उभं आहे, ते कशावर, त्याच्या खाली काय. ज्याच्यावर येऊन थांबेल त्या टेकूला चुन्याचं बोट. धागा कुठल्या रंगाचा आहे, आहे की नाही, तिकडं बघायचंच नाही.

गॅलरीखालच्या टेकूंना बोट लागलं. छज्ज्याखालच्यांना लागलं. टाकीपाशी केराबाई म्हणाली, “टाकीखाली पक्का स्लॅब हाय. हितनं खाली कुणी न्हाय.”

“नाही केराबाई, थांब,” भीमाशंकर म्हणाला. तो ओणवा होऊन भिंतीच्या रेघेनं बघत होता. “टाकी स्लॅबवर आहे, पण स्लॅब इथं तुळईवर बसलाय. तुळई वाळली असली तरी टाकी भरून बघायची आहे अजून. तिच्या खालचे राहू देत.”

चनमल्लप्पानं मान हलवली. “खरं हाय सायेबाचं. ते म्या पण इसरलो.”

केराबाईनं तुळईखालच्या टेकूंना चुना लावला.  हे राहिलं असतं तर?

दालनात उरलेले टेकू नुसत्या सुतात उभे होते. चुन्याचं बोट एकालाही नाही.

“काढा,” केराबाई म्हणाली. हा शब्द तिनं गिरिजाबाईच्या दिवसापासून धागा असलेल्या टेकूला कधी लावला नव्हता.

कुणी हलेना. गडी तिच्या हाताकडं बघत होते. हातात काठी नव्हती, तरी बघत होते. शेवटी चनमल्लप्पानं स्वतः हातोडा घेतला, बाकीच्यांना बाहेर घालवलं आणि परांचीवर चढला. केराबाई मात्र त्याच टेकूपाशी खाली उभी राहिली. भीमाशंकर म्हणाला, “बाजूला हो.” ती म्हणाली, “माजी गुरं हायत.”

पाचरेवर घाव पडला. दुसरा पडला. वरून थोडी माती सांडली, एक चिमणी भुर्रकन उडाली. टेकू सैल झाला, डुगडुगला आणि केराबाईच्या खांद्यावर आला. छत होतं तिथंच होतं. कसलाही आवाज नाही. चनमल्लप्पानं वरून छताला तळहात लावला, जसा म्हशीच्या पाठीला लावतात.

“गप हाय,” तो म्हणाला. “लई शाणी हाय.”

दाराबाहेर गिरिजाबाईनं कानशिलावर बोटं मोडली. मग एकामागून एक सगळे निघाले. टेकू निघत गेले तशी परांची आपोआप मोकळी होत गेली. तिला शेवटाला बांबू जोडून केलेल्या चार घोड्यांवर पेललं आणि चनमल्लप्पानं वर बसल्या बसल्याच आपला लाल धागा सोडला. बैलगाडीवर बल्ल्या चढल्या. गाडी साखर पेठेतून निघाली तेव्हा बल्ल्यांवरची रंगीत सुतं वाऱ्यावर उडत होती आणि मागवाल्यांची पोरं विचारत होती कुणाची वरात आहे म्हणून.

एक मारकी तेवढी राहिली. तिला चुना नव्हता, पण हात लावायला गडी तयार नव्हते आणि बायका तर आडव्याच आल्या. केराबाई म्हणाली, “ऱ्हाऊ दे. वर छत धरल्यालं न्हाय, पर हिच्यावर बायकांचा भार हाय. सुटंल तवा सुटंल.”

होटगी रस्त्याला एक टेकू कमी पडला. तिथं वखारीच्या दाराचा अडणा काढून लावला. रात्रभर वखारीचं दार उघडं राहिलं, पण चोरायला आत म्हातारीशिवाय उरलंच काय होतं?

बुधवारी स्लॅब पडला. सकाळपासून घमेल्यांची रांग, पाण्याचे पिंप, भीमाशंकरची आरडाओरड. सांज व्हायच्या आत छत सपाट झालं, वर पाणी चमकू लागलं. शेट आले, खाली वाकून टेकूंची ओळ इकडून तिकडं बघितली.  केराबाईकडं किल्ली मागितली नाही, एवढंच. त्या दिवशी बाई घरी गेली, भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि अशी झोपली, की हिंदुराव कामावर जाताना दार ओढून गेला ते तिला कळलं नाही. नंतर तो म्हणायचा, “राखणदारीन बी झोपली त्या दिवशी.”

पुढं कायद्यात तिनं दोन गोष्टी घातल्या. भार नाही, नुसती पुढं गरज आहे, अशा माणसानं गाठ मारायची नाही, धाग्याचा नुसता सैल फेरा टाकायचा. फेरा अडवत नाही, आठवण देतो. आणि दर बाजाराच्या आदल्या दिवशी चुना घेऊन ओल्यापासून खाली यायचं. चनमल्लप्पा कुरकुरला, पण यायचा.

होटगी रस्त्याचं छत पक्कं झालं, तेव्हा शेट साखर पेठेत घरमालकाचा हिशेब मिटवायला आले. दालनात माग बसवायचे होते आणि कोपऱ्यात मारकी आडवी येत होती. एव्हाना बायकांनी आपापले धागे सोडले होते. कुणाचा ताप उतरला, कुणाची गाय व्याली. निंगव्वानं तर कधीच सोडला होता. एकच धागा राहिला होता, हिरवा, लांडा, वेडीवाकडी गाठ मारलेला.

“ह्यो कुणाचा गं?” केराबाईनं बायकांना विचारलं. कुणाचाच नव्हता. “मग ऱ्हाऊ दे उभी. ज्यानं बांदला त्यानं सोडायचा.”

शेट खाकरले. उपरण्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, “माजा हाय.”



“तुमचा? कवाचा?”

“तू हितनं बल्ल्या गाडीत भरून नेल्यास, त्याच्या आदल्या सांजंचा. चक्कर टाकायला आलतो. निंगव्वा पाया पडत व्हती, मग मीबी…” शेट छताकडं बघू लागले. “टेकू घावू देत म्हणलं.”

“म्हंजी तवा टेकू तुमच्या म्होरंच उबं व्हतं.”

“अंधार पडला व्हता,” शेट म्हणाले. “आन् मी काय गुराखी न्हाय.”

गिरिजाबाईनं पदर तोंडात कोंबला. केराबाईचं तोंड जराही हललं नाही. “घावलं न्हवं टेकू?” ती म्हणाली. “मग नवस फिटला. सोडा.”

शेटच्या बोटांत अंगठ्या, आणि गाठ मारताना कुणी त्यांना शिकवलेलं नव्हतं. नखं लावून झाली, ओढून झालं. चनमल्लप्पा मदतीला पुढं झाला तशी केराबाईनं त्याला नजरेनंच मागं लोटलं. शेवटी शेटनी उपरणं खांद्यावर टाकलं, मारकीला मिठी मारल्यासारखे वाकले आणि दातांनी गाठ सोडली. तोंडातलं सूत काढून त्यांनी ते केराबाईच्या हातावर ठेवलं. कमरेची किल्ली चाचपून तिनं ते सूत किल्लीच्या दोरीलाच गुंडाळलं.

“घ्या रं उचलून,” ती गड्यांना म्हणाली. “नागडी झाली.”